हिरव्या कड्याचा पाहुणा

१

झाकण फरशीवर पडलं आणि गरगरत राहिलं. आधी मोठ्या फेऱ्या, मग लहान, मग नुसतंच कुरकुरणं, आणि शेवटी एकदाचं गप्प. पण दुपारची शांतता मोडायची ती मोडलीच. आतल्या खोलीत माझी लेक भिंगरी जागी झाली आणि रडायला लागली.

मी स्वयंपाकघरात धावले. सासूबाईंच्या हातून वस्तू पडत नाहीत. उभं आयुष्य शाळेत शिकवलेल्या बाई. खडू तुटला तर दोष खडूचा, हाताचा नाही, अशी त्यांची पकड. ताईचा डबा रुग्णालयात पोचवून आणि भिंगरीला बालवाडीतून घेऊन त्या परतल्या, त्याला फार वेळ झाला नव्हता. आता त्या रिकाम्या हातांनी दाराकडे बघत उभ्या होत्या.

दारात ताई होती. ताई म्हणजे माझी मोठी नणंद, डोळ्यांच्या रुग्णालयात इंजेक्शनच्या खोलीची सिस्टर. दिवसाउजेडी ती घरात दिसणं म्हणजे घड्याळ उलटं फिरणं. तिच्या हातात पिशवी होती आणि पिशवीतून गणवेशाची पांढरी बाही लोंबत होती.

“मला घरी बसायला सांगितलंय,” ती म्हणाली. “बैठक होईपर्यंत.”

मीही त्याच रुग्णालयात असते, तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत. लोक कुंडीत रोपं लावतात, मी काचेच्या ताटलीत जंतू वाढवते. त्या दिवशी माझी रजा होती, म्हणून झालेलं मला तिच्याच तोंडून कळलं.

डोळ्याच्या आतल्या पडद्याला सूज आली की आमच्याकडे डोळ्यात इंजेक्शन देतात. ऐकून अंगावर काटा येतो, पण काम पापणी लवायच्या आत होतं आणि माणूस चालत घरी जातो. गेल्या काही आठवड्यांत असे घरी गेलेले तिघे परत आले होते, डोळा लालबुंद, आत पू. दोघं औषधांनी सावरत होते. तिसऱ्या, शिवणकाम करणाऱ्या एक बाई, काल आल्या. त्यांना डोळ्यासमोर हलणारा हात तेवढा दिसत होता, बोटं मोजता येत नव्हती.

इंजेक्शनआधी डोळ्यावरचे जंतू मारायला आयोडीनचे तपकिरी थेंब घालतात. तिघांच्याही डोळ्यांत ते घालणारा हात एकच होता. ताईचा.

“बैठकीत ठरलं की हयगय माझी, तर नोकरी तर जाईलच,” ती म्हणाली, “पण मला सिस्टर म्हणून कुणी दारातही उभं करणार नाही.”

सासूबाईंनी झाकण उचललं, पुसलं, जागेवर ठेवलं. “तुझ्या हाताला वळण मी लावलंय,” त्या म्हणाल्या. “तो हात हयगय करणार नाही.” एवढं बोलून त्या भिंगरीकडे गेल्या. ती डोळा चोळत बाहेर आली होती; पापणीचा केस आत गेला होता. त्यांनी तिला मांडीवर घेतलं, दोन बोटांनी पापणी वर केली आणि हळूच फुंकर घातली. केस निघाला. भिंगरीने नाक मुरडलं.

“आजी, तू तिखट आहेस,” ती म्हणाली.

कुणी हसलं नाही. ताई एवढंच म्हणाली, “आई, तुझी दुपारची गोळी राहिली असेल.” स्वतःचं जग कोसळत असताना तिला आईची गोळी आठवत होती, आणि ही बाई थेंब घालायला विसरली असेल असं कुणी म्हणत होतं.

२

दुसऱ्या दिवशी बालवाडीने भिंगरीला दारातूनच परत पाठवलं. डोळा किंचित लाल होता. ताईला एकटीला सोडायला सासूबाई तयार नव्हत्या आणि त्या दोघींच्या गप्प बसण्यात लेकीला ठेवायला मी तयार नव्हते. तिचे बाबा दौऱ्यावर. मग ती माझ्याबरोबर आली आणि प्रयोगशाळेबाहेरच्या माझ्या टेबलाशी चित्रं काढत बसली.

मोठे डॉक्टर स्वतः खाली आले. रुग्णालय त्यांनी उभं केलं. आवाज कधी चढवत नाहीत आणि कधी चुकतही नाहीत, असं त्यांच्यासकट सगळ्यांचं मत. उभ्याउभ्याच त्यांनी मला समजावलं. निरोगी डोळ्यावरही जंतू राहतात. पापणीच्या कडेला, अश्रूंच्या थरात. ते बाहेर आहेत तोवर निरुपद्रवी. सुईबरोबर आत गेले की तेच घात करतात. म्हणून आधी आयोडीन.

“जंतू मारायचं काम थेंबांचं,” ते म्हणाले, “आणि थेंब घालायचं काम सिस्टरचं. आत पू झाला याचा अर्थ थेंब नीट पडले नाहीत. तुमच्या नणंदबाई आहेत म्हणून मला वाईट वाटतं, मॅडम. पण तुमच्या ताटल्या दुसरं काही सांगणार नाहीत.”

तर्कात खोट काढायला जागा नव्हती. मीसुद्धा हेच शिकले आणि नव्या मुलामुलींना हेच शिकवते. ते गेल्यावर मी जंतू वाढवायच्या उबवणपेटीतून तिघांच्या ताटल्या काढल्या.

पापणीवरचे नेहमीचे रहिवासी मी झोपेतही ओळखीन. पांढरे, गोल, गुबगुबीत ठिपके, खात्यापित्या घरचे. या तिन्ही ताटल्यांत तसं काही नव्हतं. होते ते दवबिंदूंसारखे बारीक ठिपके, आणि प्रत्येकाभोवती जंतूंना खाऊ म्हणून ताटलीत घातलेलं लाल रक्त फिकट हिरवं झालेलं. हिरवं कडं घालून बसलेला हा जंतू मी ओळखत होते, पण तो इथला नव्हे. त्याचं घर डोळा नाही. त्याचं घर तोंड. जिभेवर, हिरड्यांच्या कडेला तो सुखाने नांदतो.

मी त्याच्यावर निरनिराळ्या औषधांत भिजवलेल्या कागदी टिकल्या ठेवल्या. औषध चाललं की टिकलीभोवती जंतू मरून स्वच्छ गोल उमटतो. एवढ्या वेळात भिंगरी कंटाळली होती. तिलाही ताटली हवी होती. मला डॉक्टरांना दाखवायला एक निरोगी डोळ्याचा नमुना हवाच होता, आणि किंचित लाल असला तरी तिचा डोळा तसा बिघडलेला नव्हता. मी कापसाच्या काडीने तिच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी टिपलं.

“तुझ्या डोळ्यावर भाडेकरू राहतात,” मी तिला सांगितलं. “इतके लहान की दिसत नाहीत. आपण त्यांना या ताटलीत जेवायला बोलावलंय.”

“ते तिथे काय करतात?”

“राखण. चांगले लोक राहत असले की चोराला आत जागा मिळत नाही.”

तिने ताटलीवर आपलं चित्र काढायला सांगितलं. मी एक भिंगरी काढली, ताटली पेटीत ठेवली आणि गडबडीत विसरून गेले.

टिकल्यांचा निकाल आला. तिघांचेही जंतू बहुतेक औषधांना शरण गेले होते. दोन औषधांना मात्र त्यांनी दाद दिली नव्हती, त्या टिकल्यांना अगदी चिकटून वाढले होते. पहिल्याच्या ताटलीत त्याच दोन, दुसऱ्याच्या त्याच दोन, तिसऱ्याच्याही त्याच दोन. तीन डोळे, एकमेकांना कधी न भेटलेली तीन माणसं, आणि तोंड एकच.

मी वर वॉर्डात निरोप धाडला की शिवणकाम करणाऱ्या बाईंना यापुढे कुठलं औषध द्यायचं आणि कुठली दोन देऊन उपयोग नाही. त्यांच्यासाठी तेवढं तरी हातात होतं. ताईसाठी अजून काहीच नव्हतं. आता विचारायचं तरी कुणाला: ते तोंड कुणाचं?

३

पहिले रुग्ण घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा. बोलणं त्यांना जड जाई. मी चार प्रश्न विचारले की एक उत्तर मिळे, तेही तपासून दिल्यासारखं. त्या दिवशी ते एकटेच आले होते. बाहेरच्या बाकावर त्यांच्या डोळ्यात थेंब घातले आणि डोळे मिटून बसायला सांगितलं. डोळा चुरचुरला. मग आत गेले, इंजेक्शन झालं, घरी.

बाक. हे मी विसरलेच होते. पूर्वी थेंब आतच, टेबलावर घालत. रांग वाढायला लागली तसं मोठ्या डॉक्टरांनी नवी पद्धत बसवली: ताईने दाराबाहेर येऊन पुढच्याच्या डोळ्यात थेंब घालायचे आणि आधीच्याला सांभाळायला आत जायचं, औषध आपलं काम करतं तोवर माणसाने डोळे मिटून बाकावर बसायचं. वेळ वाचे. सगळ्यांनी कौतुक केलं होतं, मीसुद्धा.

दुसरे गृहस्थ नाटकांत पडद्यामागे प्रकाश सांभाळणारे. तेही एकटेच आले होते. ते म्हणाले, “थेंब झोंबले बुवा. पण तुमच्या सिस्टर फार मायाळू. सारा वेळ हात धरून बसल्या होत्या.”

मी पेन खाली ठेवलं.

शिवणकाम करणाऱ्या बाई वॉर्डात उताण्या पडून होत्या. डोळ्यावर पट्टी, हात मात्र चादरीच्या काठाशी चाळा करत, जणू दुमड घालताहेत. एकट्याच राहणाऱ्या, एकट्याच आलेल्या. त्यांनाही कुणीतरी हात धरल्याचं आठवत होतं. “डोळे मिटलेले, त्यामुळे चेहरा नाही पाहिला. पण अगदी जवळ होत्या. वास येत होता ना. दातांच्या दवाखान्यात येतो तसा. मी म्हटलं, सिस्टरांचे दात दुखताहेत आणि बिचाऱ्या माझी काळजी करताहेत.”

मग जरा थांबून त्यांनी विचारलं, सुईत दोरा ओवता येईल का पुन्हा. मी म्हटलं, औषध बदललंय, बघू. त्यांनी माझा हात शोधून दाबला.

घरी ताई खिडकीशी बसून भिंगरीचे मोजे रफू करत होती. मी विचारलं, तू कुणाचा हात धरून बसली होतीस?

तिने मान वर केली. “अगं, मला बसायला वेळ कुठे? थेंब घातले की मी आत. दार बंद.”

“बाकावर तुझ्याशिवाय कोण असतं?”

“कुणीच नाही. सगळे आतच.”

तिचे दात मोत्यासारखे. तिला कधी दाढ दुखल्याचं या घरात कुणाला आठवत नाही.

४

आता शोधायचं होतं दातांच्या दवाखान्याचा वास येणारं माणूस, आणि तसं एक रुग्णालयात होतं. छोटे डॉक्टर. मोठ्या डॉक्टरांचे सहायक, बोलण्यात धबधबा. गेल्या महिन्यात त्यांनी दाढ भरून घेतली आणि त्या दाढेची कथा सगळ्या मजल्यांवर सांगितली होती. रुग्णांचा हात धरायचीही त्यांना सवय.

मी मोठ्या डॉक्टरांकडे गेले आणि हिरवी कडी दाखवली. ते बराच वेळ भिंगातून बघत राहिले. मग म्हणाले, जंतू तोंडातले आहेत हे मान्य. पण त्या खोलीत मास्कशिवाय कुणी नसतं. आणि आणखी एक गोष्ट त्यांनी हळूच पुढे ठेवली.

“सिस्टर घरी बसल्यापासून इंजेक्शनं रोज चालू आहेत, मॅडम. बाक तेच, थेंब तेच. एकही डोळा बिघडलेला नाही.”

खरंच एकही नव्हता.

तरी मी हट्ट धरला. खोलीतल्या प्रत्येकाने नेहमीचा मास्क बांधून उघड्या ताटलीवर वाकून बोलायचं, मग मास्क काढून पुन्हा बोलायचं. मोठ्या डॉक्टरांनी कपाळावर आठी घातली, पण सगळ्यांत आधी स्वतः बसले. मास्क बांधून ते ताटलीला डोळ्याची रचना समजावून सांगत होते. छोट्या डॉक्टरांनी आपल्या ताटलीला दाढेची कथा सांगितली, दोन्ही वेळा पूर्ण. ताईलाही मी बोलावून आणलं. ती ताटलीपुढे बसली आणि तिला काही सुचेना. शेवटी ती रोज रुग्णांना सांगते तेच म्हणाली: डोळे मिटा, घाबरू नका, मी इथेच आहे. छोटे डॉक्टर खिडकीबाहेर बघायला लागले.

मास्कच्या ताटल्या जवळजवळ कोऱ्या निघाल्या. मास्कविना ज्या होत्या, त्यांत सगळ्यांकडेच हिरवी कडी उगवली होती, कारण तो पाहुणा सगळ्यांच्याच तोंडात राहतो. पण टिकल्या ठेवल्यावर प्रत्येकाचे जंतू प्रत्येक औषधाला शरण गेले. मोठ्या डॉक्टरांचे, ताईचे, आणि दाढवाल्या छोट्या डॉक्टरांचेसुद्धा.

“म्हणजे मी सुटलो?” छोट्या डॉक्टरांनी विचारलं. त्यांना जरा वाईटच वाटल्यासारखं दिसलं.

खोलीतले सगळे सुटले होते. बैठक उद्यावर आली होती आणि माझ्याकडे गुन्हेगाराचं तोंड सोडून सगळी तोंडं होती.

५

पेटी आवरताना मागच्या कोपऱ्यात एक ताटली सापडली. वर भिंगरीचं चित्र.

मी ती टाकून द्यायलाच निघाले होते. तिचा डोळा केव्हाच स्वच्छ झाला होता, ती बालवाडीत जाऊन भांडूनही आली होती. सवयीने एकदा उजेडाकडे धरली. पांढरे, गुबगुबीत रहिवासी आपापल्या जागी होते, नीटनेटके. आणि त्यांच्या कडेला अंग चोरून बसल्यासारखे, दोन-तीन बारीक ठिपके. हिरव्या कड्यांचे.

मन म्हणालं, कुणाच्याही तोंडातले असतील. हात म्हणाला, टिकल्या ठेव. मी ठेवल्या, आणि शेजारी माझ्या स्वतःच्या तोंडातल्या जंतूंची ताटलीही लावली, कारण लेकीच्या चेहऱ्याजवळ सगळ्यांत जास्त मीच असते.

सकाळी उजाडता उजाडता येऊन मी पेटी उघडली. माझे जंतू सगळ्या औषधांना शरण गेले होते. भिंगरीच्या डोळ्यातले मात्र दोन टिकल्यांना चिकटून वाढले होते. त्याच दोन.

ज्या तोंडाने तीन डोळे बिघडवले, ते माझ्या लेकीच्या डोळ्यापर्यंत येऊन गेलं होतं. माझ्याच घरात.

मग एकेक गोष्ट आपोआप जागेवर बसत गेली, मला काही करावंच लागलं नाही. दोन बोटांनी वर धरलेली पापणी. आजी, तू तिखट आहेस. हिरडी सुजली म्हणून सासूबाई गालात लवंग धरतात. दातांच्या दवाखान्यात वास येतो तो लवंगेच्याच तेलाचा. ताई ज्या गोळीची आठवण करून द्यायची ती त्या हिरडीचीच, दाताच्या डॉक्टरांनी एकदा बदलून दिलेली. दोन गोळ्या, दोन टिकल्या, औषधं तीच. एवढे दिवस त्या गोळ्या खाऊन त्यांच्या तोंडातले जंतू निर्ढावले होते.

आणि रोज सकाळी डबा. डबा पोचवून सासूबाई लगेच निघत नसत. दाराबाहेरच्या बाकावर टेकत, भिंगरीची बालवाडी सुटेपर्यंत. कुणाबरोबर कुणी आलं असेल तर त्या मधे पडत नसत. एकटं कुणी कण्हत असेल तर सरकून जवळ बसत. शाळेतली सवय. सगळे त्यांना ताईंची आई म्हणून ओळखत, म्हणून कर्मचाऱ्यांत कुणी मोजलं नाही आणि परक्यांतही नाही. ताई काय, मी काय, बाकावर कुणीच नसतं असंच धरून चाललो. आणि ताई घरी बसल्यापासून डबाही बंद होता.

डोळ्यात झोंबतं म्हणणाऱ्याचं सासूबाई काय करतील, हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

ताई सुटली होती. आणि तिला सोडवायचं तर मला तिच्या आईचं नाव घ्यायचं होतं.

६

मी एक कोरी ताटली घेऊन घरी आले. सासूबाई चहा गाळत होत्या. ताई आत तयार होत होती. बैठकीला इस्त्रीचा गणवेश घालायचा की साधे कपडे, यावर तिचं अडलं होतं.

“आई,” मी म्हटलं, “यावर एक फुंकर घालता?”

त्यांनी ताटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हजारो मुलांच्या चेहऱ्यावरून खरं-खोटं वाचलेली नजर ती. गाळणं त्यांनी खाली ठेवलं.

“त्या लोकांना झोंबत होतं गं,” त्या म्हणाल्या.

पुढे त्यांना विचारावं लागलं नाही. मीच सांगत गेले. थेंब पडले की डोळा स्वच्छ होतो. ताईचे थेंब नीटच पडत होते. पण स्वच्छ झालेला डोळा म्हणजे भाडेकरू उठवलेलं घर. त्यावर तुमची फुंकर, आणि लगेच सुई. भिंगरीचा डोळा दोन दिवस लाल होऊन बरा झाला, कारण तिथे दार बंद होतं आणि राखणदार जागेवर होते. त्या तिघांच्या डोळ्याला सुईने दार पाडलं. फुंकर तीच. माया तीच.

त्यांनी ताटली हातात घेतली. फुंकर घातली, नेहमीसारखीच, हळू. मग झाकण लावून माझ्या हातात दिली. झाकण अजिबात वाजलं नाही.

“याचा निकाल उद्या लागेल ना? बैठक आज आहे,” त्या म्हणाल्या आणि चपला घालायला गेल्या.

बैठकीच्या खोलीत मोठे डॉक्टर होते, छोटे डॉक्टर, व्यवस्थापक, आणि शेवटी साध्या कपड्यांतली ताई, हात मांडीवर. मी ताटल्या टेबलावर मांडल्या. हे जंतू डोळ्यावरचे नाहीत, म्हणून थेंब कमी पडल्याचा प्रश्नच नाही. थेंबांत हयगय असती तर इथे पांढरे रहिवासी दिसले असते, आणि ते एकाही ताटलीत नाहीत. हे एकाच तोंडातले आहेत. ते तोंड खोलीतल्या कुणाचं नाही. मग खोलीबाहेरचं. थेंब आणि सुई यांच्या मधे रुग्ण कुठे असतो? बाकावर. कोणते रुग्ण बिघडले? फक्त एकटे आलेले.

“पण बाकावर होतं कोण?” व्यवस्थापकांनी विचारलं.

मी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात दारातून आवाज आला, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

“मी होते.”

सासूबाई आत आल्या. कुणी खुर्ची दिली, ती त्यांनी घेतली नाही. “त्या तिघांच्या डोळ्यांत फुंकर मी घातली. मला वाटलं, बरं वाटेल. माझ्या मुलीला ठाऊक नव्हतं. तिचा हात स्वच्छ आहे. शिक्षा सांगायची तर मला सांगा.”

ताई उठून उभी राहिली. “आई,” एवढंच म्हणाली, आणि लहान मुलीसारखी त्यांच्या खांद्यात तोंड लपवून रडायला लागली. नोकरी जाणार म्हणून ती एकदाही रडली नव्हती.

मोठे डॉक्टर ताटल्यांकडे बघत होते. मग ते उठले आणि टेबलाला वळसा घालून सासूबाईंसमोर आले.

“बाक तिथे मी ठेवलं,” ते म्हणाले. “थेंब आणि सुई यांच्यात फट मी पाडली. त्या फटीत उद्या दुसरं कुणी खोकलं असतं. फुंकर तुमची, पण दार माझं.” मग ते ताईकडे वळले. “सिस्टर, मी तुमच्यावर ठपका ठेवला, तो चार लोकांत ठेवला. म्हणून मागेही चार लोकांतच घेतो. थेंब पूर्वीसारखे आत. उद्यापासून ही खोली कशी चालेल हे तुम्ही ठरवायचं, मी विचारून पाऊल टाकीन.”

ताईने डोळे पुसले. “उद्यापासून कशाला?” ती म्हणाली. “बाहेर रांग लागलीय.”

आणि साध्या कपड्यांवरच हात धुवायला निघून गेली. आम्ही ऐकत होतो: नळ सुरू झाला, आणि बराच वेळ सुरू राहिला. तिची हात धुण्याची पद्धत सगळ्या रुग्णालयाला माहीत आहे. छोट्या डॉक्टरांनी टाळी वाजवली. आणखी कुणी वाजवली नाही, पण त्यांना कुणी थांबवलंही नाही.

७

सासूबाईंच्या ताटलीत जे उगवायचं तेच उगवलं. ती मी जपून ठेवली नाही. निकाल लिहिला आणि ताटली विधिवत नष्ट केली. त्या स्वतः तिघांच्या घरी जाऊन माफी मागून आल्या. घड्याळवाल्या आजोबांनी सासूबाईंचं बंद पडलेलं मनगटी घड्याळ काढून घेतलं आणि चालू करून परत दिलं. हिरडी बरी झाली, लवंग सुटली. आता त्या मास्क लावून पुन्हा बाकावर बसतात, हात धरतात आणि कुणी फुंकर घालताना दिसलं तर त्याला वर्गाबाहेर काढतात.

काल शिवणकाम करणाऱ्या बाई तपासणीला आल्या होत्या. मला तळमजल्यावरून बोलावणं आलं, ताई जिन्यातूनच हाक मारत होती. बाई खिडकीशी बसल्या होत्या. हातात सुई, पांढरा दोरा. एकदा चुकला. दुसऱ्यांदा टोक ओठांत घेऊन ओलं करणार, तोच ताईने नुसतं बघितलं. बाई हसल्या, बोटांनीच टोक वळलं, सुई उजेडाकडे धरली आणि दोरा आरपार गेला. बिघडलेल्याच डोळ्याने, दुसरा मिटून. छोटे डॉक्टर ही कथा आता सगळ्या मजल्यांवर सांगताहेत, आणि दाढेची मागे पडली आहे.

संध्याकाळी भिंगरी अंगणातून पळत आली. डोळ्यात धूळ. चेहरा वर करून, पापणी स्वतःच्याच दोन बोटांनी उघडून ती आजीसमोर उभी राहिली आणि वाट बघत राहिली. सासूबाईंचे ओठ आपसूक पुढे आले, मग मिटले. त्यांनी तिला कडेवर घेऊन नळाशी नेलं, ओंजळीतल्या पाण्यात डोळा उघडझाप करायला लावला. धूळ निघाली. मी टॉवेल घेऊन उभी होते. ताई दारात, गणवेशातच, आत्ताच आलेली.

“भाडेकरू वाहून गेले का?” भिंगरीने विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. “ते घट्ट धरून बसतात. आहेत तिथेच.”

तिने टॉवेलमधून तोंड काढलं. ओल्या पापण्या, त्यांवर थेंब. तिने आजीकडे बघितलं, आत्याकडे बघितलं, मग बराच वेळ माझ्याकडे.

“आई,” ती म्हणाली, “मी आत्ता तुला बघतेय ना. तर त्यांना पण तू दिसतेस का?”